पांढऱ्या पेशी कुठे गेल्या होत्या?

मी या पानाची जुनी वाचक आहे, लिहिणारी नाही. इथले अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात 'एकदा बीपी तपासून घ्या' असं म्हणून पुढे जायचं, हा माझा शिरस्ता. त्यात माझं कामही तसं. वाशिमला एका रक्तपेढीत मी टेक्निशियन आहे. डोळ्यांना दिसत नाही ते मायक्रोस्कोपखाली धरायचं, आणि तिथेही दिसलं नाही तर ते नाही... इतका साधा हिशोब. अंगात येणं, संकेत मिळणं, मेलेली माणसं दिसणं, यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी जे झालं ते मला कुठेच बसवता आलेलं नाही. म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही मेडशीचे. घरी आई, मोठा भाऊ विलास आणि मी. वडील लहानपणीच गेले. मी बारावीत असताना मला एक आजार झाला — हाडांच्या आत जी मज्जा असते, जिथे रक्त तयार होतं, ती रिकामी होत चालली होती. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, सारखा ताप. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सांगितलं, सख्ख्या भावाची मज्जा जुळली तर वाचेल. दादाची जुळली. माझी स्वतःची उरलीसुरली मज्जा औषधांनी मारून टाकली आणि त्याची माझ्यात सोडली. दिसायला काही विशेष नसतं हो, रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी, सलाइनसारखी थेंबथेंब. पण ती माझ्या हाडांत जाऊन रुजली. तेव्हापासून माझ्या अंगात जे रक्त तयार होतं ते त्याचं. माझा रक्तगट बी होता, त्याचा ओ. आता माझाही ओ आहे. 

दादाला याची भारी गंमत वाटायची. मी कशावरून चिडले की म्हणायचा, "माहं रक्त घेऊन माह्यावरच गरम होऊन राह्यली का, सुनी?"

हॉस्पिटलात इतके महिने काढले आणि इतक्या पिशव्या अंगात गेल्या, की ते रक्त येतं कुठून, वेगळं कसं करतात, हे बघायची ओढ लागली. म्हणून पुढे हेच शिकले. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. वाशिमला खोली घेऊन राहते. दादाने मेडशीत एक पिकअप गाडी घेतली होती. माल न्यायचा-आणायचा. त्याचं लग्न झालं. मीना वहिनी, त्यांची दोन पोरं आणि आई, असं घर.

आता रक्ताबद्दल थोडंसं. रक्त नुसतं लाल दिसतं, पण ते जोरात फिरवलं की त्याचे थर होतात. आमच्याकडे त्यासाठी मशीन आहे. जड लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, ज्याला प्लाझ्मा म्हणतात. आणि या दोघांच्या मधे दुधावरच्या सायीसारखा एक बारीक पांढुरका थर. त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले शिपाई. लाल पेशी नळीच्या आतच फिरत राहतात. पण पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडते आणि जिथे जखम असेल, जिथे जंतू शिरले असतील, तिथे जाते. एकदा गेलेली सहसा परत येत नाही. तिथेच मरते. जखमेतला पू म्हणजे बराचसा तिचाच मुडदा.

तर... त्या गुरुवारी दादा संत्र्याचे क्रेट घेऊन अकोल्याला गेला. नेहमीचंच. संध्याकाळपर्यंत माल उतरवून रात्री घरी. शुक्रवारी सकाळी मी कामावर पोचत नाही तोच वहिनींचा फोन.

"ताई, हे घरी नाई आले. फोनबी लागून नाई राह्यला."

"मार्केटातच झोपला असेल वहिनी. बॅटरी गेली असेल."

"असन," त्या म्हणाल्या. पण आवाज बसलेला होता.

मी खरंच तेवढंच समजले होते. फोन ठेवून कामाला लागले. त्या दिवशी पेशी मोजायच्या मशीनची दुरुस्ती झाली होती. दुरुस्तीनंतर खात्री म्हणून आम्ही कधीकधी आमचंच रक्त त्यावर लावून बघतो. माझी सहकारी नसरीन, ती आणि मी अनेक वर्षं एकाच टेबलावर काम करतो. तिने स्वतःचं रक्त लावलं. सगळं ठीक आलं. मग माझं लावलं.

पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य.

नसरीन मशीनलाच शिव्या द्यायला लागली. परत लावलं. तेच. तिचं परत लावलं, तिचं नीट. मग तिने माझा नवा नमुना घेतला, छोट्या नळीत भरला आणि फिरवला. नळी बाहेर काढून आम्ही खिडकीच्या उजेडात धरली. खाली लाल, वर पिवळं. मधे जी पांढरी रेघ हवी ती कशीबशी... म्हणजे नसल्यासारखीच. प्लेटलेटची पुसट झाक तेवढी. शेवटी स्लाइड केली. नसरीन मायक्रोस्कोपला डोळा लावून स्लाइड सरकवत राहिली, सरकवत राहिली. लाल पेशी, प्लेटलेट, सगळं जागेवर. पांढरी पेशी एकही नाही.

ती उठली, मला मास्क लावला आणि म्हणाली, "सुनीता, हात लावू नको कशाले. बॅग उचल. अकोल्याला जायचं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगात पांढऱ्या पेशी नसतील तर साधं खरचटणंही जिवावर बेतू शकतं. आणि माझ्या बाबतीत याचा अर्थ एकच निघत होता, की दादाची मज्जा इतक्या वर्षांनी माझ्या अंगाने नाकारली.

गंमत म्हणा नाहीतर काय म्हणा, मला काहीच होत नव्हतं. ताप नाही, घसा नाही, अशक्तपणा नाही. नसरीनच्या नवऱ्याच्या गाडीतून आम्ही निघालो. वाशिमहून अकोल्याचा रस्ता मालेगाव, मेडशी करून जातो आणि मेडशी सोडली की पातूरच्या अलीकडे घाट लागतो. आम्ही तो घाट भरदुपारी उतरलो. पावसाळा नुकताच संपलेला, सागाची पानं अजून हिरवी, खाली दरीत बांबू आणि गवत इतकं माजलेलं की दहा फुटांवरचं दिसू नये. मी खिडकीशी बसले होते. वहिनींना फोन करत होते. दादाचा काही पत्ता लागला का म्हणून.

अकोल्याला मला लगेच वेगळ्या खोलीत ठेवलं. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पुन्हा सगळं तपासलं. तेच आलं. 

आईला कळवावं लागलं. तिच्यावर काय प्रसंग होता बघा. इकडे पोरगा घरी आलेला नाही, तिकडे पोरीला जुनं दुखणं उलटलंय. ती शनिवारी एसटीने आली. खोलीत येऊ देत नव्हते, काचेच्या दारातून बघत उभी राहिली. मी फोनवरून विचारलं, "दादाचं काही कळलं?"

"पोलिसात देल्लं लिहून," ती म्हणाली. "त्याचे दोस्त मोटरसायकलीवर रोडनं पाहून राह्यले. माल तं पोचला म्हंते. गुरुवारी अंधार पडाच्या आधीच निघाला म्हंते तिकून." मग म्हणाली, "पोलीस इचारते, घरी भांडण झाल्तं का? कोनाच्या मांगं गेला का?"

आई असं काही सांगताना कधी रडत नाही. तेव्हाही नाही रडली. एसटी त्याच घाटातून आली होती. 

शनिवारी माझ्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. रविवारी डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मी टेक्निशियन आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे स्पष्ट बोलायच्या.

"मज्जा रिकामी असेल असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "तशी नाहीये. उलट गच्च भरलीय. पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तयार होताहेत. कारखाना दिवसरात्र चालू आहे."

"मग रक्तात का नाहीत?"

"तेच मला कळत नाहीये. तयार होताहेत, बाहेर पडताहेत, आणि कुठेतरी खपताहेत. असं कधी होतं? अंगात मोठी जखम असेल, कुठेतरी मोठं गळू असेल, जंतूंशी जोराची लढाई चालू असेल तर. पण मी तुमचं सगळं अंग तपासलं, फोटो काढले, सोनोग्राफी केली. काही नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच सांगा, तुम्हाला जखम कुठे आहे?"

मी म्हटलं, "कुठेच नाही मॅडम."

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण अशा अनुभवांत लोक ते हमखास घालतात. मला कसलंही स्वप्न पडलं नाही. पाय दुखला नाही, कुणी हाक मारली नाही, छातीत धस्स वगैरे झालं नाही. मी त्या दिवसांत शांत झोपत होते. जेवत होते. दादाची काळजी होती, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त माझी स्वतःची होती. रविवारी संध्याकाळी वहिनींनी सांगितलं की आता शोधणारे थकले, पोलीस म्हणाले की त्याच्या फोनचा शेवटचा ठिकाणा पातूरच्या आसपासचा आहे, पण तिथल्या एका टॉवरखाली केवढा तरी मुलूख येतो. आता वाट पाहा. आणि सगळ्यांनी तेच धरलं, की तो कुठेतरी गेला आहे आणि येईल.

सोमवारी सकाळचं रक्त घेऊन गेले. नर्सच धावत आली. पेशी आल्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हे, पार नॉर्मल. मॅडमनी विश्वास न बसून दुसऱ्या हाताचं रक्त घ्यायला लावलं. तेही नॉर्मल. मज्जेतून नव्या पेशी येऊन रक्त भरायचं म्हटलं तरी त्याला वेळ लागतो, हळूहळू चढत जातं. माझं एका रात्रीत भरलं होतं. जणू काही झालंच नव्हतं.

काचेचं दार उघडलं आणि आईला आत येऊ दिलं. ती आधी मॅडमच्या पाया पडली. मग माझ्याजवळ बसून माझे दोन्ही हात धरले.

"एक तं सुटली," ती म्हणाली. "आता पाह्यजो, त्याचाबी फोन येते."

मलाही तसंच वाटलं. खरंच वाटलं.

मंगळवारी सुट्टी मिळाली. आम्ही सामान आवरत होतो तेव्हा फोन आला. घाटातल्या एका वळणाखाली, बऱ्याच खोल, एका गुराख्याची म्हैस गवतात शिरली आणि तिच्या मागे तो. पिकअप बांबूच्या बेटात तोंड खुपसून पडलेली. वरून गवताने पुन्हा डोकं वर काढलेलं, त्यामुळे रस्त्यावरून काहीच दिसत नव्हतं. दादा आत होता. स्टिअरिंगखाली उजवा पाय अडकलेला.

सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी शवविच्छेदन झालं. आईला आणि वहिनींना बाहेर बसवून मी आत गेले. तिथला डॉक्टर तरुण होता. मी लॅबची आहे म्हटल्यावर तो माझ्याशी जरा मोकळेपणाने बोलला. मी एकच विचारलं, "लगेच गेला ना?" सगळे हेच विचारत असतील.

त्याने हातातला रिपोर्ट मिटला. मग म्हणाला, "नाही ताई. काल पहाटे-सकाळच्या सुमारास. त्याआधी नाही."

गुरुवारपासून सोमवारपर्यंत. गाडीत घरासाठी ठेवलेली थोडी संत्री होती. त्याच्या हाताला लागतील तेवढी सगळी खाल्लेली. सालं सीटवर, मांडीवर, पायाखाली. काही वाळलेली, काही ओली. मोबाइल काचेबाहेर उडून दगडावर फुटला होता.

"मला एक गोष्ट समजली नाही," तो डॉक्टर म्हणाला. "मांडी हाडापर्यंत उघडी पडली होती. त्यात माती, गवत, डिझेल. इतक्या दिवसांत ती सडायला पाहिजे होती. अळ्या पडतात, काळं पडतं, त्या विषानेच माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. यांची जखम आतून स्वच्छ होती. स्लाइड करून बघितली, तर इतक्या पांढऱ्या पेशी... मी एवढ्या कधी पाहिल्या नाहीत. काठाला नवं मांस धरत होतं. जखमेने नाही गेले ते. पाणी नाही मिळालं म्हणून गेले."

मी तिथल्या बाकावर बसले. मॅडमचा प्रश्न कानात आला, तुम्हाला जखम कुठे आहे. आणि मला एकदम कळलं की जखम कुठे होती.

पेशी त्याच्याच होत्या ना. माझ्या हाडांत तयार होत होत्या एवढंच. 

पुढे महिनाभराने मी मॅडमकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "तुमच्या पेशी अचानक गेल्या आणि अचानक आल्या, याला मी कारण देऊ शकते. एखादा विषाणू असेल, एखाद्या औषधाची रिअॅक्शन असेल. तुमच्या भावाची जखम चिघळली नाही, यालाही कुणी डॉक्टर कारण देईल. सगळ्यांच्या जखमा चिघळत नाहीत. पण दोन्ही एकत्र ठेवून मला विचारू नका. माझ्याकडे उत्तर नाही."

मी औषध कुठलंच घेत नव्हते, हे त्यांनाही माहीत आहे.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ती समजते की तो पडल्या पडल्या गेला. नसरीनला माहीत आहे. आणि वहिनींना सांगावं लागलं.

वहिनी मृत्यूच्या दाखल्याच्या कामासाठी वाशिमला आल्या होत्या. काम आटोपून माझ्याकडे लॅबमधे आल्या, चहा घेतला. फिरणाऱ्या मशीनकडे बराच वेळ बघत होत्या. मग अचानक म्हणाल्या,

"ताई, तुमच्या अंगात त्याईचंच रक्त हाये ना?"

"हो."

"मंग तुमाले कसं काईच समजलं नाई?"

रागाने नव्हतं ते. खरंच विचारत होत्या. मला तिथे खोटं बोलता आलं नाही. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. शुक्रवारची रिकामी नळी, मज्जेचा रिपोर्ट, मॅडमनी विचारलेला प्रश्न, सोमवारी परत आलेल्या पेशी, आणि तो तरुण डॉक्टर जखमेबद्दल जे बोलला ते. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. चहाचा कप हातातच होता.

सांगताना मला वाटत होतं, यांना जरा तरी बरं वाटेल. तो अगदीच एकटा नव्हता, असं काहीतरी वाटेल. मी स्वतःला तेच सांगत आले होते.

वहिनींनी कप खाली ठेवला.

"म्हंजे जखमेनं दुसऱ्याच दिवशी गेले असते," त्या म्हणाल्या. "ते तुमी जाऊ नाई देल्ले."

मी त्यांचा कप उचलून बेसिनमधे ठेवला.

"तीन दिवस जास्तीचे," त्या म्हणाल्या. "तिथं. पाय अडकून." मग पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली. "जाऊ द्या ताई. तुमी थोडीच धाडलं. येते मी, चारची गाडी भेटन."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत त्या पोरांच्या शाळेचं बोलल्या.

त्याला आता वर्ष होत आलं. माझं रक्त नियमित तपासते, सगळं व्यवस्थित आहे. तशी भीती पुन्हा आली नाही, कारण आता त्या पेशींना जायला कुठे जागाच नाही. हे लिहिताना हात थांबला, पण राहू देते.

इथले जाणकार प्रतिक्रियांत लिहितीलच. कुणाला वैद्यकीय कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मी ते तपासून बघेन. मला तेच हवं आहे. फक्त एक विनंती... बहीण-भावाचं प्रेम वगैरे कुणी लिहू नका. प्रेमाचं काम असतं तर शुक्रवारी दुपारी त्या वळणावर मी गाडी थांबवायला सांगितली असती. मी खिडकीतून खाली बघत होते, आणि मला बांबू दिसत होते.